नाशिकच्या गच्चीवरचा तीन किलोवॉटचा ‘स्वदेशी’ सोलर संच: आत काय असतं आणि अडतं कुठे

हे परीक्षण एका कंपनीचं नाही. प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत नाशिकमध्ये घरोघरी बसतोय तो तीन किलोवॉटचा डीसीआर संच, म्हणजे सेल आणि पॅनेल दोन्ही भारतातच बनलेले असावेत अशी अट असलेला संच, आम्ही इथे उघडून बघतोय. गंगापूर रोड असो, इंदिरानगर असो की आडगाव, कोटेशनवरचं नाव बदलतं, आतला माल बराचसा एकाच साच्यातला असतो. निकाल आधीच सांगतो. सबसिडी धरून संच घेण्यासारखा आहे. पॅनेलं चांगली आहेत. स्ट्रक्चर वेंडरच्या इमानदारीवर आहे. आणि खरी जोखीम इन्व्हर्टरमध्ये, म्हणजे पॅनेलची डीसी वीज घरात वापरायच्या एसीत बदलणाऱ्या डब्यात आहे. ‘मेड इन इंडिया’चा शिक्का लोक पॅनेलच्या पाठीवर शोधत बसतात, पण परदेशी पुरवठादारावर आपण किती टेकलोय हे घरमालकाला कळतं ते भिंतीवरचा तो डबा बंद पडतो तेव्हा.

संचात काय येतं ते बघू. ५४० वॉटची सहा पॅनेलं, म्हणजे ३.२४ किलोवॉट. सिंगल फेज, तीन किलोवॉटचा ग्रिडवर चालणारा स्ट्रिंग इन्व्हर्टर. जस्ताचा थर दिलेलं लोखंडी स्ट्रक्चर, ४ चौरस मिलिमीटरची डीसी केबल, डीसीडीबी (पॅनेलकडच्या डीसी विजेचा) आणि एसीडीबी (घराकडच्या एसी विजेचा) हे स्विचचे दोन डबे, तीन अर्थिंग, आकाशातली वीज जमिनीत नेणारा एक लाइटनिंग अरेस्टर आणि घेतलेली व परत दिलेली वीज मोजणारं महावितरणचं नेट मीटर. एक पॅनेल साधारण २.२८ मीटर लांब, १.१३ मीटर रुंद आणि २८ किलोच्या आसपास भरतं. दोन्हीकडून काच असलेलं, मागच्या बाजूनेही वीज बनवणारं बायफेशियल असेल तर ३२ किलोपर्यंत जातं. सहा पॅनेलं मिळून १६७ चौरस फूट व्यापतात, पण धुवायला, पुसायला फिरता यावं म्हणून अडीचशे-तीनशे चौरस फूट बिनसावलीची जागा धरा. पाण्याच्या टाकीची सावली दुपारी तीननंतर कुठे जाते हे डिसेंबरात बघायचं असतं, मे महिन्यात नाही.

पूर्ण संचाचं कोटेशन साधारण पावणेदोन ते सव्वादोन लाखांच्या दरम्यान येतं. सबसिडी पहिल्या दोन किलोवॉटला प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्याला १८,०००, मिळून ७८,००० रुपये. त्यापुढे कितीही किलोवॉट लावा, घरगुती ग्राहकाला एक रुपया वाढत नाही. पॅनेल आणि इन्व्हर्टर यांपैकी ज्याची क्षमता कमी, त्यावर सबसिडी मोजतात. म्हणून पाचच पॅनेलं देऊन वर ‘तीनचा इन्व्हर्टर आहे ना’ असं सांगणारा वेंडर तुमच्या तिसऱ्या किलोवॉटला कात्री लावतोय. जीएसटीकडेही नजर असू द्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून सोलरच्या मालावरचा दर १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला. बसवून देण्याच्या कंत्राटात ७० टक्के रक्कम माल आणि ३० टक्के सेवा धरतात, सेवेवर १८ टक्के लागतात. म्हणजे एकूण भार १३.८ टक्क्यांवरून ८.९ टक्क्यांवर यायला हवा. जुनाच आकडा छापलेली कोटेशनं बाजारात फिरत असतील तर ती परत पाठवा.

वीज किती? वर्षाची सरासरी काढली तर नाशिकमध्ये तीन किलोवॉटला दिवसाला १२ युनिट धरावेत. एप्रिल-मेमध्ये १४-१५ होतात, आषाढ-श्रावणात आठवडाभर ढग बसले की ५-६ वर येतात. ‘महिन्याला साडेचारशे युनिट, बारा महिने’ असं कोणी म्हणत असेल तर तो पाऊस मोजायला विसरलाय.

आता पॅनेल.

वाळूपासून पॅनेलपर्यंतचा प्रवास असा: क्वार्ट्झपासून सिलिकॉन, त्याचं शुद्ध रूप म्हणजे पॉलिसिलिकॉन, ते वितळवून ओढलेला इंगट, इंगट कापून दीडशे मायक्रॉनच्या आसपास जाडीचे वेफर, वेफरवर प्रक्रिया करून सेल, आणि सेल जोडून, काच आणि ईव्हीए या चिकट प्लास्टिकच्या थरांत दाबून पॅनेल. डीसीआरचा नियम यातल्या शेवटच्या दोन पायऱ्यांना लागतो. त्याआधीचं सगळं आजही बहुतांश चीनमधून येतं. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या २०२२ च्या अहवालानुसार पॅनेल उद्योगाच्या प्रत्येक पायरीवर चीनचा वाटा ८० टक्क्यांहून जास्त होता, आणि वेफरमध्ये तर तो ९७ टक्क्यांच्या घरात होता. त्याच अहवालात आणखी एक आकडा आहे: जगातल्या दर सात पॅनेलांपैकी एकाचा माल एकाच कारखान्यातून जात होता. २०२० च्या जुलैमध्ये शिनजियांगमधल्या एका पॉलिसिलिकॉन कारखान्यात स्फोट झाला. त्याच सुमारास मागणी वाढली आणि पुढच्या वर्ष-दीड वर्षात पॉलिसिलिकॉनचा भाव कित्येक पटींनी चढला. त्याची झळ सिन्नरच्या कारखान्याच्या छतापर्यंत पोचली, कारण दुसरीकडून माल घ्यायची सोयच नव्हती. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

भारताने यावर कुंपणं घातली. १ एप्रिल २०२२ पासून आयात पॅनेलांवर ४० टक्के आणि आयात सेलवर २५ टक्के सीमाशुल्क लागलं. एएलएमएम ही मंजूर उत्पादकांची यादी २०१९ च्या आदेशातून आली, मध्ये एक वर्ष ती थांबवली आणि १ एप्रिल २०२४ पासून पुन्हा लागू केली. उत्पादनाशी जोडलेल्या प्रोत्साहन योजनेत दोन टप्प्यांत ४,५०० कोटी आणि १९,५०० कोटींची तरतूद झाली. परिणाम ठळक दिसतो. २०२५ च्या ऑगस्टमध्ये यादीतल्या पॅनेल कारखान्यांची क्षमता १०० गिगावॉट ओलांडून गेली, २०१४ मध्ये ती २.३ गिगावॉट होती. पण सेलची क्षमता त्या वेळी पॅनेलच्या जेमतेम पाव हिश्श्याच्या आसपास होती. इंगट-वेफरचं काम मुंद्र्यासारख्या मोजक्या ठिकाणी, तेही दोन-अडीच गिगावॉटच्या पातळीवर. म्हणून सेलला टंचाई, आणि टंचाई म्हणून डीसीआर पॅनेल महाग. साध्या पॅनेलपेक्षा, म्हणजे भारतात जोडलेल्या पण परदेशी सेलच्या पॅनेलपेक्षा, वॉटमागे साधारण ८ ते १० रुपयांचा फरक पडतो. तो फरक गुणवत्तेचा नाही, रांगेचा आहे.

आणि भारतीय सेल कारखाना म्हणजे पूर्ण सुटका असंही नाही. वेफर बाहेरचा, सेलवरच्या चांदीच्या पेस्टचा मोठा भाग बाहेरचा, सेल जोडणारी आणि दाबणारी स्ट्रिंगर-लॅमिनेटरसारखी यंत्रं बहुतांश चिनी, आणि ती उभी करून द्यायला येणाऱ्या तंत्रज्ञांचे व्हिसा अडकले की कारखाना सुरू व्हायला उशीर. काच, ईव्हीए आणि पॅनेलच्या पाठीचा थर म्हणजे बॅकशीट मात्र आता भारतात चांगली बनते. गुजरातेत भरूचजवळची सोलर काच जगातही विकली जाते. जगाच्या दुसऱ्या टोकालाही हीच रड आहे. युरोपात स्वतःचे सेल बनवू पाहणारी स्विस कंपनी मायर बर्गर २०२५ मध्ये दिवाळखोरीत गेली. सिलिकॉनच न वापरणारी कॅडमियम टेल्युराइडची पातळ फिल्म पॅनेलं बनवणारा अमेरिकन फर्स्ट सोलरचा कारखाना तमिळनाडूत आहे, पण ती पॅनेलं आपल्या घरगुती बाजारात दिसत नाहीत.

घरमालकाच्या कामाचा प्रश्न वेगळाच आहे: हे जास्तीचे पैसे द्यावेत का? गणित सोपं आहे. सबसिडी ७८,०००. वॉटमागे १० रुपये जास्त धरले तर ७.८ किलोवॉटपर्यंत डीसीआर फायद्यात. ८ रुपये धरले तर पावणेदहापर्यंत. म्हणजे तीन किंवा पाच किलोवॉटच्या घरगुती संचाला डीसीआरच घ्या, विचार करायची गरज नाही. आठ-दहाच्या पुढे बंगला असेल, तीन-चार एसी असतील, तर सबसिडी सोडून साधी पॅनेलं घेण्याचं कोटेशनही मागवा. अंबड-सातपूरच्या कारखान्यांच्या शेडवर तर प्रश्नच येत नाही, तिथे सबसिडीच नाही. मात्र नेट मीटर हवं असेल तर साधं पॅनेलही एएलएमएम यादीतलंच लागतं. आणि सेलची वेगळी यादी १ जून २०२६ पासून बंधनकारक ठरवलेली असल्याने हा फरकच पुढे कमी होत जाणार. कोटेशनची तारीख आणि चालू होण्याची तारीख यात महिने जात असतील तर हे कलम वेंडरकडून लिहून घ्या.

तंत्रज्ञानात डीसीआर माल अर्धं पाऊल मागे आहे, हे स्पष्ट सांगायला हवं. बाजारातला बराचसा डीसीआर साठा मोनो पर्कचा, म्हणजे आधीच्या पिढीच्या सेलचा, तर बिनडीसीआरमध्ये नव्या पिढीचा टॉपकॉन सर्रास. फरक उन्हात कळतो. मे महिन्यात हवा ४० अंशांवर गेली की काचेखालचा सेल ६५ अंशांच्या आसपास तापतो. पर्कची शक्ती अंशामागे ०.३५ टक्के घटते, टॉपकॉनची ०.३० टक्के. २५ अंशांपासून चाळीस अंशांची चढ म्हणजे पर्कचे १४ टक्के गेले, टॉपकॉनचे १२. दोन टक्क्यांसाठी ७८,००० सोडू नका, पण त्याच भावात डीसीआर टॉपकॉन मिळत असेल तर तेच उचला. आणि याच कारणाने पॅनेल स्लॅबला किंवा पत्र्याला चिकटवून बसवू नका. खालून हवा खेळायला किमान वीत-दीड वीत जागा हवी.

गारपिटीचा मुद्दा नाशिकच्या लोकांना वेगळा समजवावा लागत नाही. प्रमाणित चाचणीत २५ मिलिमीटरचा बर्फाचा गोळा सेकंदाला २३ मीटर वेगाने अकरा ठिकाणी मारतात. निफाड, दिंडोरी, सटाण्याकडे लिंबाएवढी गार पडते ती ४० मिलिमीटरची धरली तर वजनच चौपट होतं, वेग वाढतो तो निराळा. द्राक्षपट्ट्यात पॅनेल घेताना काचेची जाडी विचारा. ३.२ मिलिमीटरची एक पूर्ण टेम्पर्ड काच ही बायफेशियलच्या २ अधिक २ मिलिमीटरच्या काचांपेक्षा गारेचा मार चांगला सोसते. पातळ काच पूर्ण टेम्पर करता येत नाही, म्हणून. गच्चीवर फरशी पांढरी नसेल तर बायफेशियलची मागची बाजू फार काही कमावतही नाही.

खरं डीसीआर ओळखायचं कसं? डोळ्यांनी ओळखता येत नाही. एकाच कारखान्यात, एकाच लाइनवर दोन्ही प्रकारची पॅनेलं बनतात आणि जुळ्या भावंडांसारखी दिसतात. फरक अनुक्रमांकात असतो. प्रत्येक पॅनेलच्या आत आरएफआयडी टॅग, म्हणजे रेडिओ लहरींनी वाचायची छोटी चिप, लॅमिनेट केलेला असतो. त्यात पॅनेल कोणी बनवलं, सेल कोणी बनवला, दोन्हींचा महिना-वर्ष आणि दोन्हींचा देश वेगवेगळा नोंदलेला असतो. तो मोबाइलने वाचता येत नाही, रीडर लागतो. पण काचेखाली आणि चौकटीवर छापलेला अनुक्रमांक तर सगळ्यांना दिसतो. गुरुग्रामच्या राष्ट्रीय सौर ऊर्जा संस्थेने डीसीआर पडताळणीचं पोर्टल काढलंय, तिथे तो जुळवा. वेळ महत्त्वाची आहे: पॅनेलं टेम्पोतून उतरल्यावर, पण गच्चीवर चढवण्याआधी. सहाच्या सहा क्रमांकांचा फोटो काढून ठेवा. स्ट्रक्चरवर क्लॅम्प आवळल्यावर चौकटीवरचा स्टिकर बघायला आरसा लागतो, आणि तोवर वेंडरला आगाऊ रक्कमही गेलेली असते.

इथपर्यंत गोष्ट बरी चालली आहे. आता इन्व्हर्टर.

योजनेत इन्व्हर्टरला डीसीआरची अट नाही. त्यामुळे वॉटमागे आठ-दहा रुपये जास्त मोजून घेतलेल्या भारतीय सेलची वीज ज्या डब्यातून जाते तो बऱ्याचदा आयात केलेला, किंवा इथे फक्त जोडलेला असतो. आतले आयजीबीटी (वीज झपाट्याने चालू-बंद करणारे इलेक्ट्रॉनिक स्विच), कंट्रोल चिप, रिले हे तर भारतीय नावाच्या इन्व्हर्टरमध्येही बाहेरूनच येतात. पॅनेलला हलणारा भाग नाही, ते पंचवीस वर्षं बसून राहतं. इन्व्हर्टर सात ते बारा वर्षांत एकदा तरी बदलावा किंवा दुरुस्त करावा लागेल हे धरूनच चला. त्या दिवशी पुरवठादार कुठे आहे हा खरा प्रश्न. बोर्ड जळाला तर बोर्ड मिळत नाही, अख्खा डबा बदलतात. मॉडेल बंद झालं असेल तर नवीन मॉडेल, त्याची जुळणी वेगळी. नाशिकमधून पुणे-मुंबईच्या सर्व्हिस सेंटरला पाठवून परत यायला आठवडे लागतात, आणि एप्रिलमधला एक आठवडा म्हणजे शंभर युनिट गेले. म्हणून आमचा सल्ला: वॉरंटी किती वर्षं यापेक्षा बदली डबा नाशिकमध्ये साठ्यात असतो का, आणि दुरुस्तीच्या काळात पर्यायी इन्व्हर्टर देणार का, हे दोन प्रश्न लेखी उत्तरासह विचारा. पाच वर्षांच्या वॉरंटीचा आणि गावात साठा असलेला इन्व्हर्टर हा दहा वर्षांच्या वॉरंटीच्या पण कुठेच न सापडणाऱ्या इन्व्हर्टरपेक्षा बरा.

अवलंबनाची दुसरी बाजू अ‍ॅपमध्ये आहे. इन्व्हर्टरच्या बुडाला लावलेली वायफाय डोंगल तुमची माहिती उत्पादकाच्या सर्व्हरवर पाठवते, आणि त्याच वाटेने तिकडून सेटिंगही बदलता येतात. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेत एका चिनी कंपनीचे इन्व्हर्टर पडद्यावर सूचना दाखवून बंद पडले. मुळाशी विक्रीच्या हक्काचा वाद होता, ग्राहकाचा दोष काहीच नव्हता. घरगुती पातळीवर उपाय इतकाच: डोंगल काढून ठेवला तरी इन्व्हर्टर चालतो का ते बसवताना करून बघा (चांगले चालतात), इन्व्हर्टरला आरएस-४८५ पोर्ट, म्हणजे तारेने माहिती काढून घ्यायची जागा, आहे का बघा, आणि ती माहिती कशी वाचायची ते सांगणारी मॉडबस यादी मागून घ्या. पुढे उत्पादकाचं अ‍ॅप बंद पडलं तर माहिती नोंदवणारं दुसरं यंत्र, म्हणजे डेटा लॉगर, जोडता येतो. अ‍ॅपचा मुख्य लॉगिन स्वतःच्या नावावर घ्या, वेंडरच्या नाही. वेंडर बदलला की लॉगिनही गेला, ही तक्रार फार सामान्य आहे. आणि अ‍ॅपवर शून्य दिसलं म्हणजे सोलर बंद असं नव्हे. घरचा राउटर बदलला, किंवा तो ५ गिगाहर्ट्झवर गेला, की डोंगल गप्प होतो. या डोंगल बहुतेक २.४ गिगाहर्ट्झवरच चालतात. आधी नेट मीटर बघा.

तांत्रिक जुळणीत एक गफलत वारंवार होते. ५४० वॉटच्या पॅनेलचा चालू करंट १३ अँपियरच्या आसपास असतो. जुन्या साठ्यातल्या काही इन्व्हर्टरची इनपुट मर्यादा १२ किंवा १२.५ अँपियर असते. जोडलं तर चालतं, जळत नाही, फक्त भर दुपारची मलई कापली जाते आणि कुणाला कळतही नाही. डेटाशीटवर ‘कमाल इनपुट करंट’ची ओळ बघा, १४ किंवा जास्त हवी. व्होल्टेजची चिंता नाही. सहा पॅनेलं मालिकेत जोडली तर खुलं व्होल्टेज ३०० च्या आत, आणि निफाडच्या पाच अंशांच्या पहाटेही ते ३१५ पर्यंतच चढतं. इन्व्हर्टरची मर्यादा ५०० ते ६०० असते.

इन्व्हर्टर पश्चिमेच्या भिंतीवर लावू देऊ नका. या क्षमतेच्या डब्याला पंखा नसतो, मागच्या पंखुड्यांतूनच उष्णता जाते. हवा ४५ अंशांच्या वर गेली की तो स्वतःहून क्षमता कमी करतो. जिन्याच्या टोपीत, सावलीत, चहूबाजूंनी फूटभर जागा सोडून लावा. पावसाळ्यात ‘आयसोलेशन’चा दोष, म्हणजे वीज जमिनीकडे गळत असल्याची खूण, दाखवून तो सकाळी सुरूच होत नसेल तर दहापैकी नऊ वेळा दोष इन्व्हर्टरचा नसतो, कुठल्या तरी कनेक्टरमध्ये पाणी शिरलेलं असतं. दुपारी मधेच बंद पडून पुन्हा सुरू होत असेल तर ग्रिडचं व्होल्टेज मोजा. रोहित्राजवळच्या घरांत ते २५० च्या पुढे जातं आणि इन्व्हर्टर नियमाप्रमाणे सुटतो. ती तक्रार महावितरणकडे करायची, वेंडरकडे नाही. आणि लाइट गेली की हा संचही बंद होतो. खांबावर चढलेल्या वायरमनच्या जिवासाठी तशी सक्तीच आहे. भारनियमनावर उतारा म्हणून कोणी हा संच विकत असेल तर त्याला बॅटरीचा हायब्रिड इन्व्हर्टर दाखवायला सांगा आणि भावही ऐका.

आता ज्या दोन-तीनशे रुपयांच्या वस्तूंनी दोन लाखांचा संच पेटतो त्या. पॅनेलच्या वायरी एकमेकांना जोडणारं एमसी४ हे कनेक्टर मूळ स्विस कंपनीचं. बाजारात येतात ते बहुतेक त्याच्या नकला, ‘एमसी४ला जुळणारे’ म्हणून. पॅनेलच्या वायरला कारखान्यातून एक मेक येतो, वेंडर केबलला दुसरा मेक लावतो. दोन्ही एकमेकांत टिचकन बसतात, म्हणून वाटतं जमलं. पण आतल्या पिनेची मापं दशांश मिलिमीटरने वेगळी असतात आणि धातूवरचा मुलामा वेगळा. हळूहळू तिथला रोध वाढतो. १३ अँपियरला ५० मिलिओहम रोध झाला तर अंगठ्याएवढ्या प्लास्टिकमध्ये साडेआठ वॉट उष्णता साठते. आधी प्लास्टिक तपकिरी पडतं, मग ठिसूळ होतं, मग आतून ठिणगी पडते. चाचणीचं प्रमाणपत्रही एकाच मेकच्या नर-मादी जोडीला मिळालेलं असतं. म्हणून पॅनेलच्या डेटाशीटवर कनेक्टरचं नाव बघून केबलच्या टोकालाही तेच मागा, आणि पिन पक्कडीने न दाबता क्रिंपिंग टूलने दाबली का ते समोर उभं राहून बघा.

दुसरी वस्तू डीसीडीबीतला एमसीबी, म्हणजे दोष आला की आपोआप पडणारा स्विच. ज्या नाशिकमध्ये एबीबी आणि सीजीसारख्या कंपन्यांची स्विचगिअर बनतात, त्याच गावात सोलरच्या डब्यात बिननावाचा एमसीबी बसवतात, याला काय म्हणावं! एसी करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, म्हणून एसी एमसीबीतली ठिणगी आपोआप विझते. डीसी करंट शून्यावर येतच नाही. २५० व्होल्टच्या डीसीवर एसी एमसीबी उघडला तर ठिणगी तशीच पेटत राहते. एमसीबीवर डीसी हे चिन्ह आणि किमान ५०० व्होल्ट लिहिलेलं हवं. काही डीसी एमसीबीला अधिक-उणेची दिशा असते, उलट जोडले तर ते असून नसल्यासारखे. विजेचा अचानक आलेला झटका अडवणाऱ्या सर्ज अरेस्टरच्या खिडकीचा रंग हिरवा आहे ना, हे वळवाच्या पहिल्या पावसानंतर बघत जा. लाल झाला तर कार्ट्रिज बदला. तो भारतीय मेकचा सहज मिळतो.

स्ट्रक्चर हा संचातला पूर्ण स्थानिक भाग, अंबड किंवा सातपूरच्या फॅब्रिकेटरकडून येणारा. परदेशाशी संबंध नाही, तरी घोळ इथेच जास्त. हॉट डिप गॅल्व्हनायझिंगचा, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवून दिलेला थर ८० मायक्रॉनच्या आसपास हवा, आणि कापणं, भोकं पाडणं, वेल्डिंग हे सगळं आधी करून मग तुकडा जस्तात बुडवायचा. प्रत्यक्षात तयार गॅल्व्हनाइज्ड पाइप आणून गच्चीवर वेल्ड करतात. जोडावरचं जस्त जळतं आणि त्यावर चंदेरी रंग मारतात. दुसऱ्या पावसाळ्यात तिथून गंज ओघळतो. जोडावर नख फिरवा, रंग सोलला तर समजा. चांगलं स्ट्रक्चर नट-बोल्टनेच जोडलेलं असतं, आणि बोल्ट एसएस ३०४ या स्टेनलेस स्टीलचे असतात.

वाऱ्याचा हिशोबही करून बघा. ताशी १५० किलोमीटरच्या वाऱ्यात सहा पॅनेलांच्या साडेपंधरा चौरस मीटरवर वर उचलणारा जोर दीड टनाच्या पुढे जातो. स्लॅबला भोक नको म्हणून दीड फुटी काँक्रीटचे चार ठोकळे ठेवतात. एक ठोकळा सव्वादोनशे किलोचा, चार मिळून जेमतेम नऊशेच्या आसपास भरतात. पॅनेलं आणि लोखंड धरूनही बेरीज सव्वा टनाच्या आतच राहते. सहा ते आठ ठोकळे लागतील, किंवा अँकर मारून त्यावर वॉटरप्रूफिंग करून घ्यावं लागेल. उतार दक्षिणेकडे १५ ते २० अंश.

अर्थिंग तीन वेगवेगळी हवीत: डीसी, एसी आणि लाइटनिंग अरेस्टर. मीटरने मोजून ५ ओहमच्या आत. अरेस्टरची वायर बाकीच्या दोघांत मिसळू देऊ नका. धुण्याबद्दल एवढंच, की बोअरच्या पाण्याने काचेवर क्षारांचा पांढरा थर बसतो आणि तो नंतर निघत नाही. नळाचं पाणी, मऊ फडकं, सकाळी लवकर. तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नका.

कागदपत्रांची बाजू आता सुटसुटीत आहे. १० किलोवॉटपर्यंत तांत्रिक व्यवहार्यतेचा, म्हणजे आधी महावितरणच्या तांत्रिक तपासणीचा अडथळा काढून टाकलाय. योजनेच्या करारात वेंडरवर पाच वर्षांची देखभाल आणि चालू करताना किमान ७५ टक्के परफॉर्मन्स रेशो (पडलेल्या उन्हात बनायला हवी त्या विजेपैकी प्रत्यक्ष किती मिळाली) ही दोन बंधनं आहेत. करारावर सही करताना लोक ती वाचत नाहीत, आणि वेंडर आठवण करून देत नाही.

शेवटी आमची नोंद अशी. पॅनेलला पाचपैकी चार, कमी केलेला गुण तंत्रज्ञान अर्धं पाऊल मागे असल्याचा. स्ट्रक्चरला दोन ते चार, फॅब्रिकेटर बघून. इन्व्हर्टरला अडीच, आणि तोही नाशिकमध्ये बदली साठा असेल तरच. आणखी एक खर्च सुचवतो, जो कुठल्याच कोटेशनमध्ये नसतो: सातवं पॅनेल. सेलचं माप दर तीन-चार वर्षांनी बदलतंय, त्याबरोबर पॅनेलची लांबी-रुंदी आणि करंटही. पाच वर्षांनी गारेने एक फुटलं तर त्याच मापाचं, त्याच करंटचं पॅनेल बाजारात नसेल. कमी करंटचं लावलं तर मालिकेतली बाकीची पाचही त्याच्या चालीने चालतील. द्राक्षपट्ट्यात तरी एक जास्तीचं घेऊन, काच भिंतीकडे करून, उभं, कोरड्या जागी ठेवा, आणि त्याचा अनुक्रमांकही पोर्टलवर तपासून घ्या.